मधल्या वर्गाची तहान

कोपरखैरण्याच्या त्या शाळेत रविवारी वर्ग नसत, उपासना असे. मंडळी नवी होती. कुणी नगरकडून आलेलं, कुणी जालन्याकडून, कुणी मुंबईतली भाड्याची खोली सोडून सिडकोच्या घरात राहायला आलेलं. चर्चसाठी जागा मिळेपर्यंत शाळेचा हॉल वापरायचा असं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी बाकं सरकवायची, फळ्यावरची गणितं पुसायची, टेबलावर पांढरी चादर अंथरून लाकडी क्रूस उभा करायचा, की झालं चर्च.

या मंडळीत सुमित्राबाई भिंगारदिवे होत्या. बुटक्या, ठाशीव बांध्याच्या, चालताना जरा डावीकडे झुकणाऱ्या. नवरा जयवंतराव कांदा-बटाटा मार्केटात मालाचं वजन करणारे तोलणार, एकुलता एक मुलगा आशुतोष शिकायला पुण्याला. बाई स्वतः तुर्भ्याच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणाऱ्या बायकांवर देखरेख करत. मंडळीत त्यांचं नाव कुठल्याच कमिटीत नव्हतं. भजनात त्यांचा आवाज खालच्या पट्टीत आणि अर्धा ताल मागे असे. त्यांनी कधी भाषण केलं नाही, की सणाला स्टेजवर जाऊन बसल्या नाहीत.

मुलांचा वर्ग त्यांच्याकडे आला तो एका घंटेमुळे.

झालं होतं असं, की चौथीपर्यंतच्या लहानग्यांना संडे स्कूल होतं. दहावीच्या पुढच्यांसाठी तरुण संघ होता. मधली जी पोरं, पाचवी ते आठवीची, त्यांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानांच्या गाण्यांना ती हसत आणि मोठ्यांच्या प्रवचनाला झोपत. मग उपासना चालू असताना ती बाहेर हिंडत, उभ्या स्कूटरांचे हॉर्न वाजवत, पाण्याच्या टाकीवर चढत. एका रविवारी पाळकसाहेबांची प्रार्थना ऐन रंगात आली असताना कुणीतरी शाळेची घंटा दणदणा वाजवली. डोळे मिटून बसलेली निम्मी मंडळी उपासना संपली असं समजून उठून उभी राहिली. दोघेतिघे तर चपला घालायला बाहेरही गेले.

मंडळीचे पंच मानसिंगराव उजागरे पुढच्या बाकावरून उठले. न्हावा शेव्याच्या बंदरात ते कस्टमचे कागद हाताळणाऱ्या एका ऑफिसात मोठ्या जागेवर होते, आणि घरी, बाजारात, चर्चमध्ये त्याच चढ्या आवाजात बोलत.

“कुणाची पोरं आहेत ही?”

आईबाप आपापल्या गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसले.

“मी विचारतोय, कुणाची आहेत?”

“माझी समजा,” मागून सुमित्राबाई म्हणाल्या.

“समजा म्हणजे? मग सांभाळा!”

झालं. पुढच्या रविवारपासून टाकीच्या बाजूच्या व्हरांड्यात सतरंजी पडली आणि मधला वर्ग सुरू झाला.

बाईंना शिकवता येत नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाकलं. मात्र त्यांच्याकडे कारखान्यातून आलेली एक रीत होती. पॅकिंगला नवी मुलगी आली की तिच्या हातांकडे टक लावून उभं राहायचं नाही; बघत राहिलं की पट्ट्या हातून सुटतात. काम नीट समजावून द्यायचं आणि दुसरीकडे बघायचं. संध्याकाळपर्यंत मुलगी तयार होते. पोरांशीही त्या तसंच वागल्या. खरं काम द्यायचं, खोटं खोटं नाही, आणि मग वाटेला जायचं नाही.

दरवेळी ते पार पडेच असं नाही. नाताळला त्यांनी पोरांना चांदणी करायला सांगितली. पोरांनी बांबूच्या कामट्या आणल्या, घोटीव कागद आणला, शाळेतल्या एका वर्गाचं दार लावून घेतलं आणि एवढी थोरली चांदणी केली की ती दारातून बाहेरच निघेना. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली. शेवटी मंडळीच त्या वर्गात जाऊन चांदणी बघून आली. मानसिंगराव दारात उभे राहून म्हणाले, “बाई, जगाच्या पाठीवर चांदणी बघायला रांग लावणारी आपली पहिली मंडळी.” सुमित्राबाईही हसल्या. पण त्या वर्गात गेल्यावर मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या होत्या. दाराचं माप घ्यायचं राहिलं होतं खरं, पण दुसरं काहीही राहिलं नव्हतं.

एकेक पोर त्यांना पाठ होतं. कुणाचा बाप कंटेनरचा ट्रेलर चालवतो आणि आठवड्याने एकदाच घरी येतो, कोण भावाचे बूट घालून येतो म्हणून पाय ओढत चालतो, कुणाला रागावलं की दोन रविवार दिसणार नाही. केयूर साळवे होता, तो प्रश्न विचारायचा. एक संपला की दुसरा. सातवीतली ऋता ओहोळ होती, ती वेणीचं टोक चावत बसायची आणि महिनोन्‌महिने तोंडातून शब्द काढायची नाही. बाईंनी तिला कधी “बोल गं” म्हटलं नाही.

त्या वर्षी गुड फ्रायडे एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात आला. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन मंडळी बसते, आणि क्रूसावरून उच्चारलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तोवर सगळ्यांचा उपास. तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, अशी रीत.

महिनाभर आधी वर्गात हीच गोष्ट निघाली आणि केयूरने विचारलं, “मावशी, तो देव होता ना?”

“होता.”

“मग पाणी कशाला मागितलं? एवढ्या मोठमोठ्या गोष्टी बोलला आणि मग मधेच, तहान लागली? कसंतरीच वाटतं.”

बाईंनी विचार केला. लहानपणापासून दरवर्षी त्या हे सात उद्गार ऐकत आल्या होत्या. ‘मला तहान लागली आहे’ या पाचव्या उद्गाराच्या वेळी बहुधा आपल्या घशाला कोरड पडलेली असते, एवढंच त्यांना आठवलं.

“मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शोधा. आणि मला एकटीला नको, सगळ्यांना सांगा.”

त्याच आठवड्यात त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं आणि पाचवा उद्गार मधल्या वर्गाला मागून घेतला. पाळकसाहेब हो म्हणाले. मानसिंगरावांना कळलं तेव्हा ते उपासना संपल्यावर बाईंना गाठायला आले.

“सलाम, सुमित्राबाई. ऐकतोय ते खरं?”

“सलाम. खरं आहे.”

“गुड फ्रायडे म्हणजे गॅदरिंग नव्हे. काय बोलणार आहेत ते आधी लिहून माझ्याकडे द्या.”

“मीच नाही बघणार, तर तुम्हाला काय देऊ?”

“म्हणजे? तुम्हालाही माहीत नसणार?”

“नाही बघितलं की बरं करतात ती.”

“चांदणी बघितली आम्ही,” मानसिंगराव म्हणाले. मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानाने खाली आणून, “हे बघा बाई, त्या दिवशी काही वेडंवाकडं झालं तर मधला वर्ग बंद. पोरं आपापल्या आईबापांशेजारी हाताची घडी घालून बसतील. कबूल?”

बाईंच्या डोळ्यांसमोर ती सतरंजी आली. रागावल्यावर न दिसणारी, बूट ओढत येणारी, वेणी चावणारी पोरं आली. हाताची घडी घालून बसवलं तर यातली निम्मी वर्षभरात येईनाशी होतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“कबूल,” त्या म्हणाल्या.

घरी जयवंतराव म्हणाले, “अगं, निदान एकदा विचार तरी त्यांना काय चाललंय ते.” बाईंनी भाकरी थापता थापता नकारार्थी मान हलवली. पण त्या महिन्यात दोनदा तरी, पोरं दार लावून बसत त्या वर्गाच्या दाराशी जाऊन, हात उचलून, त्या तशाच परत फिरल्या.

गुड फ्रायडेचा दिवस उजाडला तोच तापलेला. हॉल भरला होता. मागच्या दारापाशी, व्हरांड्यात, नेहमीचा मोठा माठ होता. उपास सगळ्यांचाच, पण माठ असायचा. लहान मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी. आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांसाठीही. पहिला उद्गार संपला की कुणीतरी हात धुवायला उठायचं, दुसऱ्याच्या वेळी कुणाला खोकला यायचा, आणि परत येताना ओठ पुसलेले असायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

त्या दिवशी दुसरा उद्गार चालू असताना पहिले गृहस्थ उठले. गेले आणि लगेच परत आले. चेहरा गोंधळलेला. मग एक बाई गेल्या, त्याही तशाच परतल्या. मग खोकत खोकत तरुण संघाचे चिटणीस गेले, ते परत आले तेव्हा खरोखर खोकत होते. तिसऱ्या उद्गारापर्यंत मागच्या दाराची ये-जा हळूहळू थांबली. लोक एकमेकांकडे न बघता वारा घेऊ लागले.

सुमित्राबाई हळूच उठून व्हरांड्यात गेल्या. माठ कोरडा ठणठणीत होता, आणि वर स्वच्छ पुसून पालथा घातलेला.

शाळेचा शिपाई गोटीराम पायरीवर बसला होता. गाव कोपरखैरण्याचा, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातला.

“गोटीराम, माठ?”

“मी सकाली भरलेला, मावशी. तुमची पोरा आली, सगला पानी नेऊन त्या कुंपनाच्या झारांना घातला. मी बोललो, काय रं? तं बोलतात, मावशीला सांगू नका.” त्याने किल्ल्या वाजवल्या. “टाकीला पानी हाय. भरू का परत?”

बाईंनी दारातून आत बघितलं. आत सगळी मंडळी बसली होती, पुढच्या बाकावर मानसिंगराव. अजून वेळ होता. माठ भरला तर गोष्ट इथेच मिटणार होती. कुणी काही विचारलंही नसतं. एकदम त्यांना वेणूबाई आठवल्या, मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क, दुपारच्या गोळ्या घेणाऱ्या. बाई धावतच दारालगतच्या बाकाशी गेल्या आणि वाकून कुजबुजल्या, “वेणूमावशी, गोळी घ्यायचीय ना तुम्हाला? पाणी आणते.”

“घेतली की,” वेणूबाई म्हणाल्या. “तो साळव्यांचा पोरगा तांब्या घेऊन आला होता मघाशीच. म्हणाला, आजी, तुम्हाला आणि लहान बाळांना सूट आहे. कसली सूट गं?”

बाई सावकाश सरळ झाल्या. पोरांनी कुणाला काय लागेल याचा विचार केला होता. म्हणजे ही खोडी नव्हती. काय होतं ते त्यांना कळत नव्हतं, पण खोडी नव्हती. त्या दारात आल्या आणि गोटीरामला हातानेच नको म्हणाल्या. मग आपल्या जागी येऊन बसल्या.

चौथ्या उद्गारावर बोलणारे गृहस्थ लांबले. शेवटी ते खाली बसले. पाळकसाहेब म्हणाले, “पाचवा उद्गार, मधला वर्ग.”

केयूर येईल असं सगळ्यांना वाटलं. आली ऋता. ती बोलण्याच्या उंच मेजामागे गेली, तेव्हा मेजावरून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं, म्हणून ती बाजूला येऊन उभी राहिली. हातात कागद नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

“माठातलं पाणी आम्ही ओतून टाकलं,” ती म्हणाली.

मानसिंगरावांची मान एकदम वळली. सुमित्राबाईंनी डोळे मिटले.

“आमच्या वर्गात प्रश्न होता की त्याने पाणी का मागितलं. आम्ही पुष्कळ दिवस बोललो. मग केयूर म्हणाला, की तहान लागल्याशिवाय आपल्याला कळणार नाही. म्हणून आज आम्ही सगळे सकाळी उठल्यापासून पाणी प्यायलो नाही. मावशींना माहीत नाही. त्यांना रागावू नका.”

एवढं सलग बोलायची तिला सवय नव्हती.

“मला आधी वाटलं, सोपं आहे. पण दहा वाजता मला भूगोल आठवेना. मग वचनं आठवेनात. धाकट्या भावाने मला वेडावलं तर मी त्याला मारलं. आई म्हणाली काय झालं, तर मी आईला उलट बोलले. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, नुसतं आमच्या घरातलं पिंप दिसत होतं.” तिने कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. “आणि तो तर क्रूसावर होता. तरी त्याने आधी मारणाऱ्यांना माफ कर म्हटलं. मग शेजारच्या चोराला धीर दिला. मग आईची सोय लावली. मग देवाला हाक मारली. चार गोष्टी झाल्या. तोपर्यंत पाण्याचं नाव नाही काढलं. आम्ही नुसतं ऐकायचो, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा पाचवा का आहे, ते आज कळलं.”

कुठेतरी एक बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं.

“देव असून का मागितलं, ते आम्हाला सापडलं नाही. केयूर म्हणतो अजून शोधू. पण त्याने मागितलं आणि त्याला आंबलेलं काहीतरी दिलं, चांगलं पाणी कुणी दिलं नाही, ते आम्हाला आवडलं नाही. म्हणून आम्ही आणलंय.”

ती एवढं म्हणून बाजूला झाली. बाजूच्या वर्गाचं दार उघडलं आणि मधला वर्ग बाहेर आला. घरून आणलेल्या कळश्या, तांबे, पेले. कुणाच्या पेल्यावर आजोबांचं नाव कोरलेलं, कुणाचा दुधाचा मग. एकेक पोर एकेका बाकाशी गेलं, पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. ओठ सुकलेले, डोळे पाण्याकडे, आणि हात दुसऱ्याकडे.

सुमित्राबाईंनी डोळे उघडले होते. समोर जे चाललं होतं ते त्यांनी दिलेल्या कामातून निघालं होतं, असं त्यांना कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यांनी तर फक्त मला माहीत नाही एवढंच म्हटलं होतं. रोज आईवर खेकसणारी, स्कूटरचे हॉर्न वाजवणारी ही पोरं भर उन्हात घागर उचलून दारोदार पाणी वाटणाऱ्या कुणा वेगळ्याच लोकांसारखी दिसत होती. त्यांना वाटलं, उठून उभं राहावं. लहानपणी खेडेगावात बिशपसाहेब आले की सगळे उठत, तसं.

लोक गोंधळले. तीन वाजले नव्हते, रीत मोडणार होती. पण समोर पोर उभं होतं. हात धुवायला गेलेल्या गृहस्थांनी पेला घेतला, आणि पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तरुण संघाचे चिटणीस घटाघटा प्यायले आणि मग मान खाली घालून बसले.

केयूर पुढच्या बाकाशी, मानसिंगरावांसमोर उभा होता.

त्या हॉलमध्ये बारापासून मागच्या दाराकडे एकदाही न गेलेले मोठे बहुधा मानसिंगराव एकटेच होते. दरवर्षी ते तसेच बसत असत. मानसिंगरावांनी पेल्याकडे बघितलं, मग पोराच्या ओठांकडे.

“मी तीनपर्यंत घेत नाही,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पुढच्या बाकापलीकडे गेला नाही.

केयूर हलला नाही. पेला तसाच पुढे धरला.

मानसिंगरावांनी पेला घेतला. प्यायले नाहीत. काठोकाठ भरलेला तो पेला दोन्ही हातांत धरून ते ताठ बसले. सहावा उद्गार झाला, सातवा झाला. बोलणारे बोलत होते, पण सगळी मंडळी त्या पेल्याकडे बघत होती. तापलेल्या दुपारी, सकाळपासून कोरड्या घशाचा एक माणूस पाण्यावरून नजर न काढता बसला होता. मानसिंगरावांबद्दलही आजवर जे समजत आल्या होत्या ते सगळं सुमित्राबाईंना अपुरं वाटू लागलं.

आशीर्वाद झाला. आमेन झालं. मानसिंगरावांनी पेला ओठाला लावला आणि एका दमात संपवला.

तेवढ्यात व्हरांड्यातून आरडाओरडा ऐकू आला. बाई धावल्या. कळश्या सगळ्या रिकाम्या झाल्या होत्या. वाटताना पोरांनी स्वतःसाठी थेंबभरही ठेवलं नव्हतं, ते आता त्यांच्या लक्षात आलं होतं. नळाला दुपारचं पाणी नव्हतं. “मी म्हटलं होतं, एक कळशी बाजूला ठेव!” “तू कधी म्हटलंस? तू नुसता पाण्याकडे बघत बसला होतास!” गोटीराम टाकीतून बादल्या काढत होता आणि पोरं त्याच्या अंगावर पडत होती.

“सरका, सरका! बाजूला व्हा!” मागून तोच बंदरातला आवाज आला. मानसिंगरावांनी बाह्या वर केल्या, गोटीरामच्या हातातून बादली घेतली आणि तांब्याने एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतायला सुरुवात केली. “हळू पी. ठसका लागेल. हळू, सांगतोय ना!”

सुमित्राबाई खांबाशी उभ्या होत्या. मधला वर्ग राहणार की जाणार, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मानसिंगरावांनी मान वर न करताच म्हटलं, “बाई, पुढच्या वर्षी माठ रिकामा करायचा झाला तर मला आधी सांगा.”

“सांगेन,” त्या म्हणाल्या.

ते ऋताच्या ओंजळीत पाणी ओतत होते. ती पीतच होती. वेणी पाण्यात भिजली तरी तिला भान नव्हतं. तिचं पिणं संपेपर्यंत ते थांबले, मग पुन्हा धार धरली.

“नको,” ते म्हणाले. “नका सांगू.”